स्किझोफ्रेनिया आणि कथा-कविता: आजार सोबत असताना लिहायचं कसं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज बसमध्ये चढले आणि हेडफोन घरीच राहिले, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ तेवढे कमी केलेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून मनात होता. मी पुण्यात राहते, मराठीत कथा आणि कविता लिहिते आणि मला स्किझोफ्रेनिया आहे. निदान झालं तेव्हा मी २४ वर्षांची होते. हे सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “मग त्या आजारामुळेच तुला कविता सुचतात का गं?” आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, “गोळ्या घेतल्यावर लिहिणं बंद होतं म्हणतात, खरं आहे का?”

दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये असे काही जण असतात, ज्यांच्या स्वतःच्या खिशात गोळ्यांची पाकिटं असतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न गप्पांचा नाही, उद्या सकाळी गोळी घ्यायची की नाही याचा आहे. म्हणून आज नीट, सावकाश बोलू या.

आधी आजार समजून घेऊ

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत, एक ‘दुभंगणं’ या अर्थाचा आणि दुसरा ‘मन’. मराठीत त्यावरून ‘छिन्नमनस्कता’ झालं. या नावामुळेच एक मोठा घोटाळा झालाय. लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात, सिनेमात दाखवतात तशी. तसं नाहीये. तो वेगळा आजार. इथे दुभंगतो तो विचार, भावना आणि वास्तव यांचा एकमेकांशी असलेला सांधा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तुमच्या सोसायटीत, तुमच्या कॉलेजात, तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये असा कुणीतरी असण्याची शक्यता चांगलीच आहे.

लक्षणांचे तीन गट करता येतात. पहिल्या गटात जे नको ते येतं: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, म्हणजे भास, आणि पुरावा नसताना एखादी गोष्ट शंभर टक्के खरी वाटणं, म्हणजे भ्रम. दुसऱ्या गटात जे हवं ते जातं: उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, काही करावंसं वाटणं. तिसरा गट लक्ष आणि स्मरणशक्तीचा: वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते.

आता लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेनं या तिन्हींकडे बघू. कारण प्रत्येकाचा कागदावरचा परिणाम वेगळा आहे.

आवाज: हा संवाद कुणी लिहिला?

प्रत्येकाच्या डोक्यात बोलणं चालू असतं. “दूध आणायचंय, उशीर झाला, तिला फोन करायला हवा.” हे आपणच बोलतोय हे मेंदूला माहीत असतं. आवाज ऐकू येण्याबद्दलचा एक महत्त्वाचा सिद्धांत असा, की या आतल्या बोलण्यावर ‘हे माझं’ असा जो शिक्का बसायला हवा तो बसत नाही. मग स्वतःचाच विचार बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो. आवाज ऐकू येत असताना मेंदूचे बोलण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग काम करताना स्कॅनमध्ये दिसलेही आहेत.

एक फार रंजक अभ्यास आहे. तान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानामधलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी त्यांच्या आवाजांबद्दल बोलले. अमेरिकेतल्या लोकांना आवाज बऱ्याचदा हिंसक आणि परके वाटत होते. चेन्नईत मात्र अनेकांना नातेवाईकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते घरातली कामं सांगत होते! हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. आपल्याकडे भाससुद्धा “भांडी घास” म्हणतात.

पण यात लेखकासाठी मोठा धडा आहे. आवाज कुठून परग्रहावरून येत नाहीत, ते आपल्याच भाषेतून, आपल्याच घरातून येतात. म्हणून ते दैवी नाहीत आणि फुकटची प्रतिभाही नाहीत. माझे आवाज वाईट दिवसांत काय बोलतात? तीच तीन-चार वाक्यं. पुन्हा पुन्हा. संपादक म्हणून सांगते, त्यात छापण्यासारखं काहीही नसतं. कथेतलं पात्र मला आश्चर्याचा धक्का देतं, माझं ऐकतं, बदलतं. आवाज यांपैकी काही करत नाही.

भ्रम आणि रूपक: सीमारेषा कुठे?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा मी कवितेत लिहिलं, की शनिवारवाड्याच्या भिंती माझ्याकडे बघतायत. कवी म्हणून मला पक्कं माहीत आहे की ते दगड आहेत. त्या ‘जणू’वर कविता उभी असते, मग तो शब्द ओळीत असो वा नसो. भ्रमात हा ‘जणू’ गळून पडतो. भिंत बघतेच.

वही समोर असताना हा फरक ओळखायचा कसा? मी एक साधी कसोटी वापरते: या ओळीमुळे माझं वागणं बदललं का? ओळ लिहून मी चहा केला, नेहमीची बस पकडली, शनिवारवाड्यावरूनच गेले, तर ती कविता आहे. पण भिंत बघते म्हणून मी बस बदलली, दोन स्टॉप आधी उतरले, खिडकीचा पडदा ओढून घेतला, तर वही मिटायची आणि ताईला फोन करायचा. ओळ कितीही सुंदर असू दे.

तिसरी गोष्ट शब्दांची. आजार जोरात असताना विचार अर्थाला सोडून नादाच्या मागे धावू लागतो. ‘सदाशिव’ म्हटलं की शिव, शिवावरून जीव, जीवावरून कीव, आणि मूळ वाक्य सदाशिव पेठेतल्या खोलीच्या भाड्याबद्दल होतं हे विसरलेलंच. ऐकणाऱ्याला वाटतं, काय यमक जुळवतेय! यमक कवीही जुळवतो, पण त्याच्या हातात ब्रेक असतो. तो दहा शब्द आठवतो, नऊ टाकतो. आजारात टाकता येत नाही, दहाच्या दहा येतात आणि मागून अजून शंभर.

खरा शत्रू: रिकामा डबा

सिनेमात आवाज आणि भ्रम दाखवतात, कारण ते दिसायला नाट्यमय. लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुसऱ्या गटातली लक्षणं करतात. डोकं रिकाम्या डब्यासारखं होतं. दुःख नाही, आनंद नाही, लिहावंसं वाटत नाही आणि वाटत नाही याचं वाईटही वाटत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालीये. हा आळस नाही, हे लक्षण आहे, हे घरच्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणं फार गरजेचं असतं.

आणि तिसरा गट कादंबरी लिहिणाऱ्याला छळतो. चाळीसाव्या पानावर नायिकेच्या भावाचं नाव आठवत नाही. तिचं लग्न झालं होतं का? मला कविता आणि छोटी कथा जमते, याचं एक कारण हे आहे. त्या एका बैठकीत डोक्यात मावतात. लांब कथा लिहायची तर मी प्रत्येक पात्राचं एक कार्ड करते: ‘सुमन. जाड भिंगांचा चष्मा. कर्वे रोडला राहते. भावाशी बोलत नाही.’ ही कार्डं टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली असतात. स्मरणशक्ती भिंतीवर ठेवली, की डोकं लिहायला मोकळं.

मग आजारामुळे प्रतिभा येते का?

स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दहा लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे: कलावंत आणि शास्त्रज्ञ हे सगळे सर्जनशील व्यवसाय एकत्र धरले, तर त्यांत मानसिक आजारांचं प्रमाण सरसकट जास्त नव्हतं, अपवाद बायपोलर आजाराचा. लेखकांमध्ये मात्र स्किझोफ्रेनियासकट अनेक आजारांचं प्रमाण जास्त दिसलं, आत्महत्यांचंही. आणि स्किझोफ्रेनिया असलेल्यांची सख्खी नातीगोती, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, सर्जनशील व्यवसायांत जास्त संख्येनं होती.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. घराण्यात कदाचित असं काहीतरी येत असेल, जे थोडं असलं तर कल्पनाशक्तीला मदत करतं. पण पूर्ण आजार ही मदत नाही, तो अडथळाच आहे. आणि लेखकांमधल्या आत्महत्यांचा आकडा ‘वेडा प्रतिभावंत’ या रोमँटिक कल्पनेवर टाळ्या वाजवण्याआधी वाचायला हवा.

दोन माणसांची उदाहरणं देते. बंगाली कवी बिनय मजुमदार. शिक्षणानं इंजिनिअर, गणिताचं प्रचंड वेड. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या कवितांनी बंगालीत खळबळ उडवली. पुढे स्किझोफ्रेनियासोबतचं लांबलचक आयुष्य, वारंवार इस्पितळं, गरिबी. २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ज्या संग्रहासाठी मिळाला, त्याच्या नावाचा अर्थच ‘इस्पितळात लिहिलेल्या कविता’ असा आहे. २००६ मध्ये ते गेले. त्यांनी आजाराच्या जोरावर लिहिलं, असं मी म्हणणार नाही. आजार असूनही, इस्पितळाच्या खाटेवरही, कामाची सवय सोडली नाही म्हणून लिहिलं.

दुसऱ्या न्यूझीलंडच्या जॅनेट फ्रेम. १९४५ मध्ये त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला. अनेक वर्षं मनोरुग्णालयांत गेली, २०० हून जास्त वेळा शॉक दिले गेले. मेंदूवर लोबोटॉमीसारखी शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याची बातमी इस्पितळाच्या प्रमुखांनी वाचली आणि शस्त्रक्रिया रद्द केली. कथांनी अक्षरशः मेंदू वाचवला! पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच. ही गोष्ट ऐकून आनंद होतो, आणि लगेच प्रश्नही पडतो: ज्यांच्या कथांना पुरस्कार मिळाला नाही त्यांचं काय झालं असेल?

गोळ्या आणि लिहिणं

आता दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, औषधांचा लिहिण्यावर परिणाम होऊ शकतो. झोप येते, हात थरथरतो, भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. पण बोथटपणा आजारामुळेही येतो आणि नेमका कशामुळे आलाय हे स्वतःचं स्वतःला कळणं अवघड असतं. औषध अचानक थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो, आणि उलटलेल्या आजारात लिहिणं होत नाही, फक्त लिहिल्यासारखं वाटतं.

म्हणून मी डॉक्टरांना “बरं वाटत नाही” असं मोघम सांगत नाही. नेमकं सांगते: “सकाळी अकरापर्यंत वाक्य जुळत नाही. आधी आठवड्याला दोन कविता व्हायच्या, आता महिन्याला एक. उजवा हात थरथरतो.” वहीत तारखा असतातच, त्या दाखवते. मग गोळीची वेळ बदलता येते का, मात्रा कमी करता येते का, दुसरं औषध आहे का, यावर बोलता येतं. लिहिणं हे माझ्यासाठी महत्त्वाचं काम आहे आणि उपचारात त्याचा विचार व्हायला हवा, असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. लाजू नका. हात थरथरण्याच्या दिवसांत मी फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग वापरते. ते ‘कविता’चं ‘कधी येता’ करतं, पण काम भागतं.

हे सगळं पुण्यात

पुण्यात कुणी जरा वेगळं वागलं की मित्र हसत म्हणतात, “तुला येरवड्याला सोडू का?” येरवड्यात तुरुंगही आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही, त्यामुळे विनोद दोन्हीकडून लागतो. पण याच शहरानं या आजाराबद्दल बोलायला वेगळे शब्दही वापरात आणले. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकारातून १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. इथल्या स्वमदत गटांमध्ये ‘रुग्ण’ ऐवजी ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असे शब्द ऐकू येतात. लिहिणाऱ्या माणसाला कळेल, शब्द बदलला की खोलीतली हवा बदलते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ पाहिला नसेल तर जरूर बघा. अतुल कुलकर्णींचा शेष, सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण, आणि त्याच्या डोक्यात भरून राहिलेली कोकणातली देवराई. मला त्यातलं सगळ्यात जास्त पटलं ते हे, की बहीण दमते. शुभंकर दमतात, हे कथांमध्ये फार कमी येतं.

आणि पुण्यातच राहणाऱ्या रेश्मा वल्लिअप्पन. त्या चित्रकार, लेखिका आणि कार्यकर्त्या आहेत. त्यांच्यावर अपर्णा सन्याल यांनी केलेल्या ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मकथन ‘फॉलन, स्टँडिंग’ आलं. त्यात त्या स्वतःला ‘स्किझोफ्रेनिस्ट’ म्हणतात. पियानो वाजवणारा जसा पियानिस्ट, तसं. आपल्या आजाराला नाव देण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. औषधांबाबतचा त्यांचा मार्ग त्यांचा स्वतःचा आहे आणि तो सगळ्यांना लागू होणारा नाही. पण उपचारात रुग्ण हा बरोबरीचा भागीदार हवा, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं.

माझे काही नियम

एक. प्रत्येक पानावर तारीख आणि आदल्या रात्रीची झोप किती तास, हे लिहायचं. सलग दोन रात्री झोप नाही आणि पानं मात्र भराभर भरतायत, तर ती प्रेरणा नाही, धोक्याची घंटा आहे.

दोन. आजार जोरात असताना लिहिलेलं फाडायचं नाही आणि कुठे टाकायचंही नाही. पाकिटात घालून तीन महिने बाजूला. नंतर वाचलं की बहुतेक कच्चा माल निघतो, एखादी ओळ सोनं निघते. व्हॉट्सॲप स्टेटसला तर अजिबात नाही.

तीन. एक पहिला वाचक ठरलेला हवा. माझी ताई आहे. तिला दोनच गोष्टी विचारायची परवानगी आहे: “हे पात्र बोलतंय की तू?” आणि “काल जेवलीस का?”

चार. घरच्यांबद्दल लिहिलं तर छापण्याआधी त्यांना दाखवायचं. आजार माझा असला तरी त्या रात्री त्यांच्याही होत्या.

पाच. आजार जाहीर करायचा की नाही, हे मी ठरवणार. एका दिवाळी अंकाला मी कविता पाठवल्या होत्या. संपादकांचा फोन आला, “कविता घेतोय. वर ‘वेडाच्या काठावरून’ असं शीर्षक देऊ या का? वाचक थांबतील.” कविता पावसाबद्दल होत्या. मी परत मागवल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात नुसत्या नावानं आल्या, आणि पावसाच्या कविता म्हणूनच वाचल्या गेल्या.

सहा. चांगल्या दिवसांत एक गद्य मजकूर लिहून ठेवायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, की आजार वाढला आणि स्वतः निर्णय घेता आला नाही तर कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. त्याची रीतसर पद्धत डॉक्टरांना किंवा वकिलांना विचारून घ्या. मी आजवर कथा लिहिल्या, कविता लिहिल्या. पण माझ्या लिहिण्यावर माझा सर्वात जास्त जीव कुठे असेल तर या दीड पानावर. त्यात एक ओळ आहे: ‘वही आणि पेन जवळ राहू द्या.’

जाता जाता, मित्रमैत्रिणींसाठी

तुमच्या ओळखीतल्या कुणी शुभार्थीनं तुम्हाला कविता वाचायला दिली, तर तिच्यात लक्षणं शोधत बसू नका. आधी कविता म्हणून वाचा. तिसरं कडवं लांबलंय असं वाटलं तर तसं सांगा. ती टीका ऐकून आम्हाला जेवढा आनंद होतो तेवढा “किती शूर आहेस” ऐकून होत नाही. मात्र ओळींमध्ये मरण्याचा बेत दिसला, कुणी मागावर आहे असं खरंच वाटतंय असं जाणवलं, तर थेट विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे सोबत जा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन २४ तास, मोफत आहे. नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

हा भाग कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर त्याला पाठवा. फॅमिली ग्रुपवर नको, त्या एकाच माणसाला पाठवा. आणि तुम्ही लिहीत असाल तर आज पानावर तारीख टाकायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.